लेंगऱ्याचा थांबा

आबांनी बसच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि नुकतीच हललेली बस गचका खाऊन पुन्हा थांबली. ड्रायव्हर खाली उतरला. चांगला साडेसहा फुटी माणूस, पण चेहरा पांढराफटक पडलेला. तो वाकून चाकांखाली बघायला लागला, कारण त्याला वाटलं होतं की कुणाला तरी धक्का लागला. मी धावत गेले आणि सॉरी सॉरी म्हणत सांगितलं की काहीही झालेलं नाही, हे माझे वडील आहेत, आणि ते एस.टी.त होते. ऑकलंडमध्ये कुणाला एस.टी.चं सांगून काय उपयोग? तो आबांकडे बघत राहिला, आबा त्याच्याकडे. मग आबांनी हातानं त्याला 'जाऊ दे' अशी खूण केली, म्हणजे चूक त्याचीच असल्यासारखी.

आमच्याकडे कंडक्टरची एक घंटी म्हणजे थांब आणि दोन म्हणजे चल. स्टँडवर कुणी घंटी शोधत बसत नाही, गाडीच्या अंगावर दोन थापा मारतात. आबांनी विट्याच्या स्टँडवर तेहतीस वर्षं अशा थापा मारल्या होत्या. लाड कंट्रोलर म्हटलं की तालुक्यात लोक घड्याळ जुळवून घ्यायचे. माझ्या लग्नात अक्षता सात मिनिटं उशिरा पडल्या, त्याबद्दल त्यांनी भटजींशी आजतागायत धड बोलणं ठेवलं नाही. अशा माणसाला बस निघाली की हात आवरणार कसा?

आम्हाला न्यूझीलंडला येऊन दोन महिने झाले होते. ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझा नवरा सुहास, त्याच्या कंपनीनं तात्पुरता फ्लॅट दिला होता, तो महिनाअखेर सोडायचा होता. कुठल्या उपनगरात घर घ्यायचं यावर ज्याचं त्याचं मत होतं. कुणी म्हणे शाळा बघा, कुणी म्हणे स्टेशन बघा, कुणी म्हणे ऊन कुठल्या खिडकीत येतं ते बघा, नाहीतर थंडीत भिंतींना बुरशी धरते. सुहासनं सगळ्यांचं ऐकून एक मोठा तक्ता केला. शाळेचे गुण, चोऱ्या, बागा, अंतर, सगळ्याला रंग दिले. त्यातून तीन जागा उरल्या. त्यांची नावं आबांना आवडली नाहीत, म्हणून त्यांनी आपल्या सांगलीकडची दिली. मोठे बंगले आणि नावाजलेली शाळा होती ते विश्रामबाग. सुहासच्या ऑफिसजवळ, गोदामांना लागून होतं ते कुपवाड. आणि चढावरच्या रस्त्याला जुन्या लाकडी घरांची रांग होती ते लेंगरे. आमच्या घरात आजही तीच नावं चालतात, म्हणून मीही त्याच नावांनी सांगते.

तक्त्यात विश्रामबाग सगळीकडे हिरवं होतं. मला तेच हवं होतं. फक्त एक गोष्ट तक्त्यात कुठं घालायची ते आम्हा दोघांनाही कळत नव्हतं.

आमची मुलगी जुई तेव्हा अकरा वर्षांची होती. जन्मापासून तिचं डावं पाऊल आत वळलेलं. मिरजेला तीन ऑपरेशनं झाली, पाऊल पुष्कळ सरळ झालं, पण पाय आखूड राहिला. त्या पायाच्या बुटाला जाड तळवा लावलेला असतो. ती चालते, चढते, सगळं करते, फक्त हळू करते, आणि पळणं तिला जमत नाही. पुण्यात रिक्षावाले काका तिला दारातून उचलून न्यायचे आणि दारात आणून सोडायचे. इथं येताना विमानात बसल्यापासून तिनं एकच ठरवलं होतं की आता शाळेत एकटी जाणार, बसनं.

ती एकटी गेली पंधरा दिवस. सोळाव्या दिवशी बस आली तेव्हा ती थांब्यापासून वीस-पंचवीस पावलांवर होती. हात वर करून चालत होती. बस थांबली, दोघे चढले, आणि दार मिटून निघून गेली. ड्रायव्हरला दिसली नसेल, किंवा दिसली असेल आणि त्याला वेळ गाठायची असेल. आबा गावाहून येऊन चारच दिवस झाले होते. चहाचा कप हातात घेऊन ते खिडकीत उभे होते आणि त्यांनी हे पाहिलं.

जुई परत वर आली. रडली नाही. पायरीवर बसून तिनं तो जाड तळव्याचा बूट काढला, बाजूला ठेवला आणि मला म्हणाली, "आई, उद्यापासून सोडायला येत जा."

त्यानंतर ती एकटी खाली कचरा टाकायलासुद्धा जाईना. शाळेत मी न्यायची, मी आणायची. महिनाभरानं माझी नोकरी सुरू होणार होती, तीही उलट दिशेला, पण मला नोकरीची काळजी नव्हती. विमानात बसलेली ती मुलगी दोन महिन्यांत कुठं गेली, या विचारानं माझा जीव खाली-वर होत होता. नवीन जागी पुन्हा एकदा असं झालं, तर ती जन्मभर कुणीतरी सोडायला येण्याची वाट बघत बसेल असं मला वाटायचं. पण हे बोलून कुणाला दाखवलं नाही. आबाही त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. त्यांनी आयुष्यात कधी तिच्या पायाचा विषय काढला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फक्त विचारलं की ती तीन गावं कुठं आली, आणि तिथं जायला कुठली बस.

मग रोज सकाळी सात वाजता आबा डबा घेऊन निघायला लागले. दोन चपात्या, सुकी भाजी, पाण्याची बाटली, आणि खिशात एक लांबट वही. दोन दिवस विश्रामबाग, दोन दिवस कुपवाड, दोन दिवस लेंगरे. काय करता विचारलं तर म्हणायचे, "सर्व्हे." नवीन मार्ग सुरू करायच्या आधी एस.टी.त माणूस पाठवून थांब्यांची पाहणी करतात, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. सुहास हसून म्हणाला की करू देत, म्हाताऱ्या माणसाचा वेळ जातो. मीही हसले, ते आता आठवलं की चुकल्यासारखं वाटतं.

तिसऱ्या दिवशी विश्रामबागेत राहणाऱ्या मंजिरीताई पोंक्षे यांचा फोन आला. इथल्या मराठी मंडळात त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. त्यांनी आधी हवापाण्याचं विचारलं, मग गणपतीच्या वर्गणीचं, मग आवाज खाली आणून विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना. म्हणाल्या, तुझे वडील दोन दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत आमच्या थांब्यावर बसून होते, डबाही तिथंच खात होते. मी त्यांना घरी चला म्हटलं तर नको म्हणाले. सुनेचं एक वेळ समजू शकते गं, पण तू तर लेक आहेस.

मी कपाळाला हात लावला. बापाला घराबाहेर काढलं म्हणून आता माझं नाव अख्ख्या ऑकलंडात होणार होतं. त्यांना सर्व्हेचं समजावून सांगितलं तर त्यांना ते आणखीच खोटं वाटलं. फोन ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "आणि त्यांचा पाय दाखवून घे हं डॉक्टरला. किती लंगडतात."

आबांचे पाय ठणठणीत होते. अडुसष्टाव्या वर्षीही ते नाकासमोर, ताठ चालायचे. संध्याकाळी ते आले तेव्हा मी जिन्यात उभी राहून मुद्दाम बघितलं, तर नेहमीसारखे दोन दोन पायऱ्या चढत वर आले. मंजिरीताईंनी पदरचा मीठमसाला घातला असं मी धरून चालले.

गुरुवारी संध्याकाळी आबा आंघोळीला गेले असताना मी वही उघडली. सुबक अक्षरात रकाने आखलेले होते. बसची ठरलेली वेळ, आलेली वेळ, सुटलेली वेळ. शेवटी एक लहान रकाना होता, त्याला नाव नव्हतं, नुसत्या खुणा होत्या. मी वेळा पाहिल्या. विश्रामबागेत बहुतेक बस मिनिटाला मिनिट धरून. कुपवाडला एक-दोन मिनिटं इकडे तिकडे. लेंगऱ्याला मात्र सगळा आनंद. तीन मिनिटं लेट, दोन मिनिटं लेट, पाच मिनिटं लेट. एकही बस वेळेवर सुटलेली नाही. भटजींना सात मिनिटं माफ न केलेल्या माणसाचं मत काय असणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. मी सुहासला वही दाखवली. तो खूश होऊन म्हणाला की आबांनीही शिक्का मारला. मी एजंट बाईंना फोन करून टाकला की उद्या शुक्रवारी अकरा वाजता विश्रामबागेच्या घराच्या सह्या करायला येतो.

जेवताना सुहासनं हे सांगितलं तर आबांचा घास हातात थांबला.

"विश्रामबाग नको," ते म्हणाले. "लेंगऱ्याला घ्या."

सुहासनं त्यांना शांतपणे विचारलं, की आबा, तुमच्याच वहीत लेंगऱ्याच्या सगळ्या गाड्या उशिरा आहेत, मग? आबांनी जुईकडे पाहिलं. ती मान खाली घालून भाताचे ढीग करत होती. ते एवढंच म्हणाले की मला उद्याचा दिवस द्या, अजून एक फेरी बघायची आहे. सुहास नंतर स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाला की तुझ्या वडिलांचा मान ठेवायचा म्हणून आपण मुलीची शाळा पणाला लावायची का. मला त्याचं पटत होतं. सह्यांची वेळ मी बदलली नाही.

शुक्रवारी सुहास ट्रेननं ऑफिसला गेला, तो तिथूनच एजंटकडे येणार होता. मी जुईला शाळेत सोडलं आणि आबांना घेऊन जावं म्हणून गाडीनं लेंगऱ्याला गेले. मनात वाक्यं जुळवत होते. त्यांना न दुखवता कसं सांगायचं? साडेनऊ वाजले असतील. थांब्याच्या जरा पुढं, त्याच बाजूला गाडी लावली. थांब्यावर बाक होता, बाकावर आबांचा डबा होता, पण आबा नव्हते. तेवढ्यात वळणावरून बस आली आणि त्याच वेळी फूटपाथवर लांब मला आबा दिसले.

ते लंगडत होते.

दार उघडून मी एक पाय बाहेर टाकला आणि तिथंच थांबले. कारण ते नुसते लंगडत नव्हते. डावं पाऊल आत वळवून टाकत होते. टाकण्याआधी कंबर किंचित उचलत होते, उजवा हात थोडा लांब धरत होते, आणि दर सात-आठ पावलांनी दप्तर सावरल्यासारखा खांदा मागे घेत होते. ती चाल मला तोंडपाठ होती. अकरा वर्षं मी तिच्या मागून चालत आले होते. आबांनी कधी तिच्या पायाकडे बघितलंच नाही असं मी समजत होते, आणि त्यांनी तर तिचं एकेक पाऊल उचलून ठेवलं होतं.

बस थांब्यावर येऊन उभी राहिली. आबा अजून वीस-पंचवीस पावलं लांब होते. त्यांनी हात वर केला आणि वेग जराही वाढवला नाही. माणसं चढली, उतरली. उतरणारे 'थँक्यू ड्रायव्हर' म्हणत उतरले. दार उघडंच राहिलं. ड्रायव्हर सामोआ बेटांकडची एक बाई होती, भरगच्च अंगाची, कानामागे पांढरं फूल. ती आरशात आबांकडे बघत होती. आबा जवळ आले तशी तिनं कळ दाबली आणि बसचा पुढचा भाग सुस्कारा टाकून खाली झुकला, पायरी फूटपाथला टेकली. मला पुढच्या काचेतून आत दिसत होतं. पुढच्या सीटवर बसलेल्या एका बाईनं आबा चढायच्या आधीच आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि खिडकीकडे सरकली. कुणी घड्याळ बघितलं नाही.

आबा चढले, पुढच्याच थांब्यावर उतरले आणि परत आले. येताना मात्र ताठ, नेहमीच्या चालीनं. मी बाकावर बसलेली पाहून थबकले. चोरी पकडलेल्या पोरासारखे ओशाळून हसले आणि शेजारी येऊन बसले. डोळे पुसत मी त्यांना विचारलं की हे किती वेळा केलं.

"तिन्ही गावांत. दर गाडीला," ते म्हणाले. "माझ्या पायानं बघून काय उपयोग हाय? राहायचं तिला हाय."

मग त्यांनी वही काढून तो बिननावाचा रकाना मला समजावला. विश्रामबागेत दर दहापैकी सहा गाड्या त्यांना टाकून गेल्या. चार थांबल्या, पण आत बसलेले लोक मनगटाकडे बघायला लागले, एकानं तर ड्रायव्हरला काहीतरी सुनावलंही. माणसं वाईट नव्हेत, आबा म्हणाले, कामाची माणसं, घाईत असतात. कुपवाडला ड्रायव्हर भले होते, पण थांब्यावर चिटपाखरू नसतं, पोर पडली तर बघायला कोण. लेंगऱ्याला एकही गाडी त्यांना सोडून गेली नव्हती.

"पण आबा, तुम्ही वेळेचे माणूस," मी म्हणाले.

ते रस्त्याकडे बघत बोलायला लागले.

"टाइम पाळणं लई सोपं असतंय, उज्जू. रस्त्यात कोण न्हाईच असं धरून चाललं की टाइम पाळता येतो. इट्याच्या स्टँडवर म्हाताऱ्या पळत येताना दिसायच्या मला. लेकरं कडेवर घेतलेल्या बाया दिसायच्या. मी थापा मारायचो. म्हणायचो, मागनं दुसरी हाय की. तेहतीस वर्षं शाबासकी घेतली त्याची. त्या दिवशी तुझ्या खिडकीतनं बघितलं, तवा कळलं, टाकून गेलेली गाडी कशी दिसती ते." मग वहीवर बोट ठेवून म्हणाले, "गाडी थांबली तर ड्रायव्हर चांगला. थांबल्यावर आतली माणसं गप बसली तर गाव चांगलं. हे लेट कुणापायी झालं ते बघ."

माझ्या बापाबद्दल मला अभिमान होताच, पण तो लोकांनी सांगितलेला होता, घड्याळाचा. त्या बाकावर बसून जो वाटला तो माझा होता. आयुष्यभराची आपली पुण्याई त्यानं नातीसाठी उलटी करून बघितली होती, आणि परक्या मुलखात, ओळख ना पाळख अशा माणसांसमोर, दिवसातून दहा वेळा तिच्यासारखा लंगडला होता.

मी सुहासला फोन केला. पहिल्यांदा तो चिडला, आणि चिडणं बरोबरच होतं. मग मी त्याला आबांची चाल सांगितली. ऐकून घेऊन त्यानं विचारलं की लेंगऱ्याच्या फूटपाथला चढ फार आहे का. मी म्हटलं, आहे, पण कठडा आहे. तो म्हणाला, बरं.

लेंगऱ्याचं घर लहान होतं. पहिल्याच थंडीत मागच्या भिंतीला बुरशी आली, शाळाही तक्त्यात पिवळ्या रंगाची होती. मंजिरीताई बघायला आल्या आणि मोठ्या मनानं 'छान आहे, हवेशीर आहे' म्हणाल्या. जुईला आम्ही काहीच सांगितलं नाही. आबांनी तिला रोज संध्याकाळी थांब्यापर्यंत फिरायला न्यायला सुरुवात केली. कधी तिच्या पुढं चालत, कधी मागं. आठ दिवस असं झालं. नवव्या दिवशी, रविवारी, ती आपण होऊन म्हणाली की उद्या मी एकटी जाऊन बघू का.

सोमवारी आबा आणि मी फाटकापाशी उभे होतो. ती निघाली. वेळेवर निघाली होती, पण चढावर बुटाचा बंद सुटला, तो बांधायला ती खाली बसली, आणि तेवढ्यात वळणावर बस आली. मी पुढं झाले. आबांनी माझा दंड धरला. जुईनं बस पाहिली आणि ती जागच्या जागी थांबली. हात वरही केला नाही तिनं. मला वाटलं, आता ती वळणार आणि परत येणार.

बस थांब्यावर उभी राहिली. दोघे-तिघे चढले. दार उघडंच राहिलं. मग बसचा पुढचा भाग हळूच खाली झुकला, ती पंचवीस पावलं लांब असतानाच. जुई बघत राहिली. मग तिनं दप्तर सावरलं, खांदा मागे घेतला आणि चालायला लागली, तिच्या तिच्या वेगानं.

ती चढली तेव्हा आबा माझा दंड सोडून फाटकातून बाहेर पडले होते. भराभर, ताठ चालत ते बसपर्यंत पोचले. कानामागे फूल खोवलेली ती बाई त्यांना ओळखून हसली. मग तिची नजर त्यांच्या पायांवर गेली आणि हसू थांबलं. पंधरा दिवसांपूर्वी लंगडणारा हा म्हातारा आज भराभर चालत आला होता. तिनं पायांकडून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग मागं वळून पुढच्या सीटवर बसलेल्या जुईच्या बुटाकडे पाहिलं. पुन्हा आबांकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली.

आबांनी बसच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या. या वेळी कुणी खाली उतरलं नाही. दार मिटलं, बस निघाली, आणि खिडकीतून जुईनं हात हलवला, पण तो आम्हाला नव्हता, शेजारच्या मुलीला काहीतरी दाखवत होती ती.

आबा परत येऊन माझ्या शेजारी उभे राहिले. बस वळणाआड गेली. मग त्यांनी सवयीनं मनगट वर केलं, घड्याळ बघितलं, आणि तेहतीस वर्षांत विट्याच्या स्टँडवर कुणी ऐकलं नसेल अशा आवाजात म्हणाले, "चार मिनिटं लेट."